पोंगा निघेपर्यंत

खाण्याच्या केळीला बी नसते. रानकेळीचे फळ सोलले तर आत गरापेक्षा टणक काळ्या बियाच जास्त निघतात. माणसाने त्यातून बिनबियांची झाडे हेरली, राखली आणि त्यांची पिले काढून दुसरीकडे लावली. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक या पाणथळ ठिकाणी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, असे तिथल्या मातीतल्या अवशेषांवरून दिसते. तेव्हापासून केळ स्वतःच्या बळावर फार लांब गेलेली नाही. ती जिथे जिथे पोचली, तिथे तिला कुणीतरी उचलून नेले. रावेर-यावलच्या शिवारातले झाड असो की वसईच्या वाडीतले, जागा बदलण्याचा धक्का त्याच्या किंवा त्याच्या पूर्वजाच्या वाट्याला आलेलाच आहे.

हा धक्का रोप कसे पचवते आणि त्या काळात त्याला नेमकी काय मदत करता येते, एवढ्यापुरतेच हे प्रकरण आहे. केळीवर लिहिणारे बहुतेक जण घडाकडे धाव घेतात. पण लागवडीनंतरच्या पहिल्या तीस-चाळीस दिवसांत जे गमावले जाते, ते पुढे खताने भरून येत नाही. केळ आपली वाढ पानांवर मोजते. ठरावीक संख्येने पाने निघाल्यावरच तिच्या पोटात फुलोऱ्याची घडण सुरू होते. सुरुवातीला रोप महिनाभर थिजले, तर केळफूल लांबते, कापणी लांबते आणि एकाच शेतात काही झाडे कापणीला आलेली तर काही अजून वेनतच, म्हणजे केळफूल काढतच असलेली, असे चित्र दिसते.

आधी थोडी शरीररचना. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो ते खोड नव्हेच. पानांचे देठ एकात एक घट्ट गुंडाळले जाऊन ते तयार होते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वाढीचा कोंब या कंदाच्या माथ्यावर असतो आणि तिथे घडलेले पान गुंडाळलेल्या अवस्थेत मधून वर सरकत येते. हाच पोंगा. कापणी झालेल्या बागेत एखादे जोमदार पील जमिनीपासून वीतभर उंचीवर विळ्याने आडवे कापा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. बाहेरचे सगळे थर कापल्या जागीच असतात आणि मधला पांढरट-हिरवा दांडा बोटभर वर आलेला असतो. पान कुठून येते आणि त्यामागे किती जोर असतो, हे समजायला यापेक्षा सोपा धडा नाही.

मुळेही कंदातूनच निघतात. केळीला सोटमूळ नाही. कंदाच्या अंगावरून दोरीसारखी जाड, पांढरी, मांसल मुळे तीन-चारच्या गटाने फुटतात आणि आडवी पसरतात. त्यातली बहुतेक जमिनीच्या वरच्या फूट-सव्वा फुटाच्या थरातच असतात. त्यांच्यावर बारीक फाटे आणि केशमुळे येतात, आणि पाणी-अन्न ओढण्याचे खरे काम ही केशमुळे करतात. रोप हलवले की सर्वांत आधी तीच तुटतात. जाड मूळ तुटले तर डोळ्याला दिसते, केशमुळे गेलेली दिसत नाहीत. म्हणून वरवर धडधाकट दिसणारे रोप दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकते.

आता मुख्य मुद्दा. केळीचे लावण्याचे साहित्य दोन तऱ्हेचे असते आणि दोघांची गरज जवळजवळ उलटी असते. जुन्या पद्धतीत मुनवे, म्हणजे कंदासकट काढलेली पिले लावली जातात. महाराष्ट्रात साधारण अर्धा ते पाऊण किलोचा, उभट कंद चांगला मानतात. या कंदात पिठूळ अन्नाचा भरपूर साठा असतो. त्याला मुळे जवळजवळ नसतात, कारण ती काढताना तासून टाकलेली असतात. पाने नसली तरी त्याचे अडत नाही. टिश्यू कल्चरचे रोप याच्या नेमके उलट. त्याला पाच-सहा पाने असतात, पिशवीभर नाजूक मुळे असतात, पण कंद अगदी लहान असतो. शिल्लक अशी काहीच नाही. त्याची पाने आज जे अन्न तयार करतील, त्यावरच उद्याची मुळे फुटणार.

म्हणून मुनव्याची पाने कापून लावणे योग्य आणि टिश्यू कल्चर रोपाचे हिरवे पान तोडणे चूक. मुनव्याला मुळे नसताना पाने ठेवली तर ती कंदातले पाणी उडवत बसतात. टिश्यूच्या रोपाचे खालचे पान थोडे फाटले, कडेला करपले म्हणून कुणी ते स्वच्छतेच्या हौसेने काढले, तर त्या रोपाची कमाईच जाते. पान पूर्ण वाळेपर्यंत किंवा त्यावर रोग दिसेपर्यंत त्याला हात लावू नये. आज महाराष्ट्रातल्या व्यापारी लागवडीत ग्रँड नैन या वाणाची टिश्यू कल्चर रोपेच मोठ्या प्रमाणावर असतात. जुन्या बसराई-श्रीमंतीच्या कंदांवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी हा फरक विशेष ध्यानात घ्यायला हवा.

टिश्यू कल्चरच्या रोपाचा आधीचा प्रवासही माहीत असावा. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याला सगळे आयते मिळते. हवा दमट, उजेड मंद आणि अन्न साखरेच्या रूपाने थेट माध्यमातून. अशा ठिकाणी वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रेही वेळेवर मिटत नाहीत, कारण मिटण्याची कधी गरजच पडलेली नसते. बाटलीतून हरितगृहात आले की ही पाने हळूहळू गळतात आणि बाहेरच्या हवेला जुळणारी नवी पाने येतात. मग शेडनेटखाली पिशवीत दीड-दोन महिने. तिथे ऊन निम्म्यावर आलेले असते, म्हणून तिथली पानेही पातळ असतात. शेतात आल्यावर पाने बदलण्याची तिसरी पाळी येते. लागवडीनंतर पंधरा दिवसांत खालची दोन-तीन पाने पिवळी पडून वाळली, तर घाबरण्याचे कारण नाही. ती पाने सावलीसाठी घडलेली होती. उघड्या उन्हासाठी घडलेले पहिले पान अजून पोंग्यात आहे.

हा बदल सोपा करण्याचे निम्मे काम रोपवाटिकेत होते. रोपे उचलण्याआधी आठ-दहा दिवस त्यांचे पाणी थोडे कमी केले आणि सावलीही टप्प्याटप्प्याने कमी केली, तर पाने राकट होतात. रोपे नोंदवताना हे विचारून घ्यावे. रोप फूट-सव्वा फूट उंच, पाच-सहा पानांचे, जाड बुंध्याचे असावे. फार उंच आणि बारीक रोप दाटीत वाढलेले असते आणि पहिल्याच वाऱ्यात लवते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. तिच्याखाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतली, विषाणू तपासणी झालेली रोपे घेणे हाच शहाणपणा. गाडीतून उघड्यावर वारा खात आलेली रोपे त्याच दिवशी शेतात लावण्याची घाई नको. झाडाच्या दाट सावलीत दोन-चार दिवस ठेवून, पाणी देऊन ती टवटवीत झाल्यावर लावावीत.

खानदेशात लागवडीचे दोन मुख्य हंगाम. जून-जुलैमधला मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासचा कांदेबाग. दोन्ही हंगामांत लागवडीची वेळ दुपारी चारनंतरची साधावी. संध्याकाळ आणि पूर्ण रात्र मिळाली की पानांतून पाणी उडणे थांबते आणि मुळांना तेवढी उसंत मिळते. सकाळी सातला लावलेले रोप तासाभरात उन्हाला तोंड देत उभे असते. मजूर सकाळीच मिळतात ही अडचण खरी आहे. अशा वेळी सकाळी खड्डे, शेणखत, ठिबकची जोडणी उरकावी आणि रोपे हातात घेण्याचे काम तिसऱ्या प्रहरासाठी ठेवावे.

पिशवी ब्लेडने कापून बाजूला करावी, ओढून काढू नये. मातीची हुंडी फुटली की मुळे तुटलीच. रोप पिशवीत जितके खोल होते, तितकेच किंवा बोटभर जास्त खोल बसवावे. खोल लावले म्हणजे वाऱ्याने पडणार नाही, असे अनेकांना वाटते, पण बुंधा चिखलात बुडाला की कंद सडायला वेळ लागत नाही. वाऱ्याची सोय पुढे मातीची भर लावून होतेच. हुंडीभोवतीची माती हाताने बेताची दाबावी. पायाने दाबण्याची सवय इथे घातक, कारण हुंडी आतून चिरडते आणि वरून काही कळत नाही.

यानंतर येते ती अडचण, जिच्याकडे मला वाटते सर्वांत कमी लक्ष जाते. रोपवाटिकेच्या पिशवीतले माध्यम बहुधा कोकोपीटचे असते, हलके, मोठ्या छिद्रांचे. खानदेशातली तापीकाठची जमीन काळी, चिकण, बारीक छिद्रांची. या दोन्हींतली ओल सहजासहजी एकमेकांत जात नाही. बारीक छिद्रे पाणी घट्ट धरून ठेवतात, मोठ्या छिद्रांच्या माध्यमाला ते सोडत नाहीत. नव्या रोपाची सगळी मुळे अजून हुंडीतच असतात. ती हुंडी दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते आणि चार बोटांवरची काळी माती ओलीचिंब असते. शेतकरी वाफ्याची माती दाबून पाहतो, ओल आहे म्हणतो, पाणी बंद ठेवतो आणि रोप तहानेने कोमेजते. दुसरा शेतकरी कोमेजलेले रोप पाहून तासन्‌तास ठिबक चालवतो आणि आजूबाजूला दलदल करतो. दोघांचाही हेतू चांगला असतो.

उपाय साधा आहे. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस ठिबकची नळी रोपाला अगदी लगटून, तिचे पाणी हुंडीवरच पडेल अशी ठेवावी. पाणी थोडे आणि वारंवार द्यावे. पावसाळी हवेत रोपाला दिवसाकाठी चार-पाच लिटर पुरतात, कडक उन्हात तेच दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे. ओल तपासायची तर वाफ्याची नव्हे, बुंध्याजवळ बोट खुपसून हुंडीची तपासावी. मुळे हुंडीबाहेर पडून काळ्या मातीत शिरली की नळी हळूहळू लांब सरकवावी, म्हणजे मुळेही ओलीच्या मागे पसरतात. भर उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला वीस लिटरच्या पुढे पाणी लागते. ते झेलायला जी मुळे लागतात, ती याच दिवसांत पसरायला सुरुवात करतात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. केळीच्या नव्या पांढऱ्या मुळाला वाफसा मिळाला तर ते झपाट्याने वाढते, आणि सलग दोन-तीन दिवस पाण्यात बुडाले तर तपकिरी पडून कुजते. मृगबागेत हा धोका मोठा असतो. लागवडीनंतर आठवडाभर झड लागली, शेतात पाणी साचले, की रोपे पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात. पाण्यात उभे असलेले रोप तहानलेले दिसते, कारण पाणी ओढणारी मुळेच गुदमरलेली असतात. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर घालवावे. वाफसा आल्यावर बुंध्याभोवतीची वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करावी. खत मुळीच देऊ नये. नवे मूळ फुटायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे थांबावे. भारी जमिनीत लागवडीआधीच गादीवाफे करून ठेवले, तर यातला बराचसा त्रास टळतो.

रोप सावरते आहे की खचते आहे, हे ओळखण्याची काही खात्रीची लक्षणे आहेत. केळीच्या पानाचे दोन्ही भाग मधल्या दांड्याशी जिथे जोडलेले असतात, तिथे पेशींचा एक पट्टा असतो. पाण्याची ओढ बसली की या पट्ट्यातला ताण सैल होतो आणि उघडे पुस्तक मिटावे तसे पानाचे दोन्ही भाग खाली मिटतात. यामुळे उन्हासमोर येणारा भाग कमी होतो. भर दुपारी पाने अशी मिटणे हे आजारपण नाही, तो झाडाचा स्वतःचा बंदोबस्त आहे. पाहायचे ते संध्याकाळी. ऊन उतरल्यावर पाने पुन्हा सपाट झाली, तर मुळे काम करत आहेत. सकाळीही पाने मिटलेलीच असतील, तर हुंडी कोरडी आहे किंवा मुळे सडली आहेत. बोट खुपसून दोन्हींतले काय ते ठरवावे.

दुसरे लक्षण पहाटेचे. सूर्य वर येण्याआधी बागेत गेले तर जोमदार रोपांच्या पानांच्या कडेला आणि टोकाला पाण्याचे थेंब ओळीने लागलेले दिसतात. हे सगळेच दव नसते. रात्री पानांतून पाणी उडत नाही, पण मुळे ओढतच राहतात, आणि त्या दाबाने जास्तीचे पाणी पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते. दव पानाच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरते, हे थेंब मात्र कडेलाच असतात. लागवडीनंतर ज्या सकाळी पहिल्यांदा असे थेंब दिसतात, त्या सकाळी मुळांनी जमीन धरली असे मानायला हरकत नाही. हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही आणि खर्चही नाही. उजाडता उजाडता बागेतून एक फेरी मारणे पुरते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे पोंगा. लागवडीनंतर काही दिवस तो जागच्या जागी राहतो. मग वर सरकू लागतो. उबदार हवेत बसलेले रोप सात ते दहा दिवसांत एक नवे पान काढते. थंडीत हेच अंतर पंधरा-वीस दिवसांवर जाते. शेतात ठिकठिकाणची दहा-बारा रोपे निवडून, नव्याने उलगडलेल्या प्रत्येक पानावर पेनाने तारीख टाकत जावी. दोन तारखांमधले अंतर कमी होत गेले तर रोप चालू लागले. नवे पान आधीच्यापेक्षा रुंद आणि मोठे असेल तर आणखी चांगले. पोंगा हिरवागार आहे आणि खालची पाने मरतात, अशा रोपाची काळजी नको. पाने हिरवी आणि पोंगा मधूनच तपकिरी, ओढला तर हातात येणारा आणि कुजका वास असलेला, अशा रोपाची मात्र खरी काळजी करावी. ती जिवाणूजन्य सड असते. दमट उकाड्यात आणि साचलेल्या पाण्यात ती वाढते. असे रोप कंदासकट उपटून शेताबाहेर न्यावे, त्या जागी लगेच दुसरे लावू नये.

खताबद्दल माझे मत ठाम आहे. पहिल्या दोन आठवड्यांत रोपाला पाणी, हवा आणि सावली यापलीकडे काही लागत नाही. बाजारात या काळासाठी बाटल्यांची रांग लागलेली असते. मुळ्या वाढवणारे, हिरवेपणा आणणारे, ताण घालवणारे असे एकेक. केशमुळेच नसतील तर ते घेणार कोण? जमिनीत क्षार वाढले की उलट मुळांतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पानांच्या कडा करपतात. केळीला एका झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश ही महाराष्ट्रातली प्रचलित शिफारस आहे. जमिनीतून खते देताना युरियाचा ८२ ग्रॅमचा पहिला हप्ता लागवडीनंतर ३० दिवसांनी येतो, तोवर नाही. हा महिना काही उगाच सोडलेला नाही. ठिबकमधून खत द्यायचे असेल तर ते थोडे लवकर सुरू होते, पण तिथेही सुरुवात पोंगा हलल्यावर आणि अगदी कमी मात्रेने व्हावी. लागवडीआधी खड्ड्यात मात्र हात आखडू नये. दहा किलो चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड जमिनीला भुसभुशीत ठेवते. अर्धवट कुजलेले शेणखत मुळांजवळ गरम होते आणि रोप जाळते.

आता हवामान. केळीला २५ ते ३० अंशांच्या आसपासची हवा मानवते. पारा ३८ च्या वर गेला की वाढ अडखळते, १६ च्या खाली मंदावते आणि १०-१२ ला थांबतेच. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात ४५ अंश आणि डिसेंबर-जानेवारीत एक आकडी तापमान, दोन्ही पाहायला मिळतात. तरीही हा जिल्हा केळीचा राहिला आणि ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, यामागे इथल्या शेतकऱ्यांनी लहान रोपांची केलेली राखण आहे. बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावून तापलेला वारा अडवतात. मृगाच्या रोपांच्या कडेने ताग पेरतात. तो भराभर वाढून सावली देतो आणि नंतर कापून जमिनीतच गाडता येतो. अलीकडे प्रत्येक रोपावर पांढऱ्या न विणलेल्या कापडाचे क्रॉप कव्हर काड्यांच्या आधाराने लावतात. आत ओलावा टिकतो, झळ लागत नाही, मावाही लांब राहतो. पाने कव्हरच्या माथ्याला टेकू लागली की ते काढावे, आणि काढण्याची वेळ संध्याकाळचीच. दुपारी काढले तर आतली कोवळी पाने एका तासात पांढरी पडतात. प्लॅस्टिक मल्चिंग वापरणाऱ्यांनी उन्हाळी लागवडीत एक जपावे. कागदाखालची तापलेली हवा रोपाच्या छिद्रातूनच बाहेर पडते आणि बुंधा भाजतो. छिद्र मोठे ठेवावे, कागदाची कड बुंध्यापासून दूर असावी. उसाचे पाचट, गव्हाचा भुसा, केळीचीच वाळकी पाने यांचे आच्छादन अशा वेळी अधिक सुरक्षित. तेही बुंध्याला चिकटवू नये.

कांदेबागेचे गणित थंडीशी आहे. पारा उतरण्याआधी रोपाने किमान तीन-चार नवी पाने काढलेली असावीत. उशिरा लावलेले रोप थंडीचा चरका सोसत नाही. पाने एकमेकांजवळ दाटीने येतात, पिवळसर राहतात आणि फेब्रुवारीपर्यंत पुढे काहीच घडत नाही. कडाक्याच्या रात्री विहिरीचे पाणी द्यावे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. पहाटे बांधावर काडीकचऱ्याचा धूर करण्याची जुनी रीतही कामाची आहे.

रोगांबद्दल थोडक्यात, पण एक नाव टाळता येणार नाही. कुकुंबर मोझॅक विषाणू, खानदेशातला हरण्या रोग. तो नेमका नव्या लागवडीवरच तुटून पडतो. शिरांना धरून पिवळे पट्टे, अरुंद आणि वाकडी पाने, पुढे पोंगा सडणे, ही त्याची लक्षणे. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगी आणि बांधावरचा केना यांवरून मावा हा विषाणू आणतो. म्हणून या पिकांचे आंतरपीक केळीत घेऊ नये, बांध स्वच्छ ठेवावेत. रोगट रोपाला औषध नाही. दिसताक्षणी उपटून नष्ट करावे, शेजाऱ्यालाही सांगावे. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात हे केले तर रोग आटोक्यात येतो, एकट्याने करून भागत नाही. मात्र टिश्यूच्या कोवळ्या पानांवरचे तांबूस-जांभळट डाग पाहून कुणी रोपे उपटू नयेत. ते लहानपणाचे असतात आणि वाढीबरोबर जातात. पट्टे पिवळे आहेत की डाग तांबूस, एवढे पाहिले तरी गफलत होत नाही.

मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच. त्यासाठी शेकडा चार-पाच जादा रोपे पिशवीतच, पण शेताच्याच हवेत वाढवून ठेवावीत. उशिरा भरलेले रोप शेजारच्यांच्या सावलीत अडकते आणि कापणीच्या वेळी निराळेच राहते.

परसात एखाददुसरी केळ लावणाऱ्यांसाठी हेच सगळे लहान प्रमाणात लागू आहे. शेजारच्या घरून पील आणायचे तर रुंद पानांचे, मोहक दिसणारे आणू नये. अरुंद, तलवारीसारख्या पानांचे, बुंध्याला जाड आणि वर निमुळते होत गेलेले पील निवडावे. त्याच्या कंदाशी मातृझाडाचे घट्ट नाते असते, म्हणून साठाही जास्त असतो. ते पहारीने कंदासकट काढावे, पाने छाटावीत, वीत-दीड वीत खोल लावावे आणि मोरीचे पाणी थेट त्यावर सोडू नये, साबणाचा क्षार नव्या मुळांना सोसत नाही. तीन आठवडे ते मेल्यासारखेच दिसेल. वरची सालपटे सुकून तपकिरी होतील. अशा वेळी ते उपटून पाहण्याचा मोह होतो. त्याऐवजी बुंधा बोटांनी दाबून पाहा. आतून टणक लागला तर कंद जिवंत आहे. मऊ लागला आणि पाणी सुटले, तरच ते काढून टाका. टणक असेल तर माती ओलसर ठेवा आणि मधल्या पोंग्याची वाट पाहा. तो बाहेर पडून पहिले पान पूर्ण उलगडेपर्यंत खताचा एक कणही घालू नका.